'आम्ही कोण?' : एका विडंबनाचे वृत्त, यमक आणि पुनरुक्ती

वैशाखातल्या व्याख्यानाला येणारा श्रोता बहुधा दोन ठिकाणांहून आलेला असतो. कचेरीतून, नाहीतर लग्नाच्या मांडवातून. कचेरीतून आलेल्यांची आम्ही आधीच क्षमा मागतो. पण जे मांडवातून आले आहेत, त्यांच्यापाशी आमच्या आजच्या विषयाचे निम्मे सामान तयार आहे. अंतरपाट धरलेला असताना भटजींनी, आणि त्यांच्यामागून हौशी मामांनी व आत्याबाईंनी जी मंगलाष्टके म्हटली, त्यांची चाल अजून त्यांच्या कानांत घुमत असेल. त्या चालीचे शास्त्रातले नाव शार्दूलविक्रीडित. शार्दूल म्हणजे वाघ आणि विक्रीडित म्हणजे खेळ. नाव भारदस्त आहे, पण वस्तू घरचीच आहे. वृत्तशास्त्राचे पुस्तक ज्याने जन्मात उघडले नाही, त्यालाही हे वृत्त कानाने ठाऊक असते.

त्या चालीवर आम्ही एक ओळ बसवून पाहतो. ती कोणा कवीची नव्हे. मंडईतून परत येताना आमची आम्हालाच सुचलेली आहे. "बाजारी सगळे महाग दिसले, भेंडी तशी कारली." ही ओळ मंगलाष्टकाच्या चालीत, शेवटचे अक्षर लांबवून म्हणून पाहावी. हसू येते. आता, भाजी महागली या बातमीत विनोद कुठला? ती बातमी आपण रोज ऐकतो आणि कोणी हसत नाही. हसू येते ते भेंडी-कारल्यांना मुंडावळ्या बांधल्यामुळे! बरे, त्याच ओळीत कारल्यांच्या जागी पडवळे घालावी. भाव तोच, तक्रार तीच; पण एक अक्षर वाढते, ओळ लंगडते आणि हसूही ओसरते. म्हणजे या हसण्याला नुसता विषयाचा थिल्लरपणा पुरत नाही. त्याला वृत्ताचा नेमकेपणा लागतो. आमच्या आजच्या बोलण्याचे सूत्र एवढेच आहे, आणि ते आम्ही एका प्रसिद्ध कवितेच्या आधारे उलगडून दाखवणार आहोत.

ती कविता म्हणजे केशवकुमारांचे 'आम्ही कोण?'. केशवसुतांच्या त्याच नावाच्या कवितेचे हे विडंबन. दोन्ही कविता श्रोत्यांपैकी अनेकांना पाठ असतील. म्हणून त्यांतल्या ओळी आम्ही येथे म्हणून दाखवीत नाही. त्या आपल्या मनात चालू असाव्यात आणि आमचे बोलणे त्यांच्या बाजूने चालावे, अशी आमची इच्छा आहे.

प्रथम नावांकडे पाहू. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले, आणि केशवकुमार म्हणजे प्रल्हाद केशव अत्रे. दोघांच्याही वडिलांचे नाव केशव. सुत म्हणजे मुलगा आणि कुमार म्हणजेही मुलगा. तेव्हा दोन्ही टोपणनावांचा अर्थ अक्षरशः एकच होतो. विडंबनाची सारी रीत या नावातच आली आहे. साचा तोच ठेवायचा, अर्थाची जागाही तीच ठेवायची, आणि शब्द मात्र दुसरा घालायचा. आणखी एक साम्य असे की दोघेही शाळामास्तर होते. कविता मुलांच्या तोंडी कशी बसते, कुठे अडखळते आणि कुठे आपोआप वाहते, हे मास्तराइतके दुसऱ्या कोणाला कळणार?

केशवसुत रत्नागिरी जिल्ह्यातल्या मालगुंडचे. जन्म १८६६ चा. मास्तरकीच्या निमित्ताने मुंबई, फैजपूर, धारवाड अशी गावे त्यांनी पाहिली, आणि १९०५ साली हुबळी येथे प्लेगने त्यांचा अंत झाला. त्यांच्या हयातीत त्यांच्या कवितांचे एकही पुस्तक निघाले नाही. जळगावच्या नारायण नरसिंह फडणीसांनी १८८७ साली सुरू केलेल्या 'काव्यरत्नावली'सारख्या मासिकांतून त्या सुट्या सुट्या छापल्या गेल्या. संग्रह निघाला तो हरि नारायण आपट्यांच्या हातून, १९१७ साली, कवी जाऊन बारा वर्षे लोटल्यावर. अशा या माणसाने 'आम्ही कोण?' या कवितेत कवीच्या वतीने केवढा दावा मांडला आहे! आम्ही देवाचे लाडके, जग हे आमचे खेळणे, आमच्या हाताच्या स्पर्शाने वस्तूंना सौंदर्य येते, स्वर्ग आणि पृथ्वी यांचे नाते आम्ही जुळवतो. ज्याच्यापाशी पद नाही, पैसा नाही, छापलेले पुस्तकही नाही, अशा मास्तराने हे लिहावे यात एक प्रकारचे धैर्य आहे. म्हणूनच या कवितेतला 'आम्ही' पोकळ वाटत नाही. तो एका दामल्यांचा अहंकार नसून साऱ्या कविकुळाच्या वतीने बोललेला शब्द आहे.

हा दावा पेलायला वृत्तही तसेच तोलाचे हवे होते. इंग्रजीतला चौदा ओळींचा 'सॉनेट' हा प्रकार केशवसुतांनीच मराठीत आणला. त्यांची १८९२ सालची 'मयूरासन आणि ताजमहाल' ही मराठीतली पहिली तशी रचना मानली जाते. या प्रकारालाच पुढे सुनीत हे नाव पडले. इंग्रजी कवीची ओळ दहा अक्षरांची असते. केशवसुतांनी तिच्या जागी एकोणीस अक्षरांचे शार्दूलविक्रीडित घेतले, आणि पुढच्या मराठी सुनीतकारांनीही बहुधा तीच वाट धरली. परदेशातून आलेल्या पाहुण्याला आपल्याकडचा सर्वांत भारी पोशाख द्यावा, तसे हे झाले.

आता त्या पोशाखाची शिवण थोडी उसवून पाहू. लघु म्हणजे ऱ्हस्व अक्षर, एका मात्रेचे. गुरू म्हणजे दीर्घ अक्षर, किंवा ज्याच्यापुढे जोडाक्षराचा आघात येतो असे अक्षर, दोन मात्रांचे. शार्दूलविक्रीडिताचे गण शाळेत घोकलेले आठवत असतील: म, स, ज, स, त, त आणि शेवटी एक ग. आरंभी मगण, म्हणजे लागोपाठ तीन गुरू. ओळ अशी पाऊल रोवून उभी राहते. मग लघूंची धाव सुरू होते. बाराव्या अक्षरावर यति, म्हणजे श्वास घेण्याची जागा. या पहिल्या बारा अक्षरांत सहा लघु आणि सहा गुरू असतात. अगदी समसमान वाटणी. यतीनंतर सात अक्षरे उरतात आणि त्या सातांत गुरू पाच, लघु दोनच. म्हणजे ओळ यतीपर्यंत पळते आणि यतीनंतर जड पावले टाकीत मुक्कामाला पोहोचते. मंगलाष्टक म्हणणारा माणूस यतीपाशी छाती भरून घेतो आणि उरलेला तुकडा ठासून म्हणतो, त्याचे कारण हेच. जे काही महत्त्वाचे सांगायचे, ते या वृत्तात यतीच्या पलीकडे ठेवले की आपोआप ठसते.

केशवकुमारांनी नेमकी हीच जागा धरली आहे. त्यांच्या विडंबनाची पहिली ओळ यतीपर्यंत जवळजवळ मूळ कवितेचीच आहे. ऐकणारा म्हणतो, हे तर पाठ आहे, आता पुढे ते देवाचे लाडकेपण येणार. तेवढ्यात श्वासाची जागा येते, आणि पलीकडच्या त्या सात जड अक्षरांत देवाऐवजी समोरच्या माणसाचे विचकलेले दात येतात! आघात नेमका यतीनंतर बसतो. एखाद्या नवशिक्याने हेच विडंबन केले असते, तर त्याने थट्टेचा शब्द ओळीच्या आरंभीच घातला असता. मग ऐकणारा लगेच सावध झाला असता आणि त्याची फसगत झालीच नसती. विनोद करणाऱ्याने आधी ऐकणाऱ्याला निर्धास्त करावे लागते, आणि येथे ते काम वृत्ताने केले आहे.

दुसऱ्या ओळीकडे वळू. तिचा आरंभ 'फोटो' या शब्दाने होतो. मंगलाष्टकाच्या वृत्तातला पहिला मगण, तीन गुरूंचा तो गंभीर पवित्रा, आणि त्यात पहिली दोन अक्षरे 'फोटो'! शब्द परका, बाजारातला. पण मात्रेने तो चोख बसतो. येथे कवीने वृत्ताला जराही वाकवले नाही की शब्दालाही ताणले नाही. शब्द उपरा असून जागेवर फिट्ट बसतो, आणि म्हणूनच तो हास्यकारक होतो. आमच्या त्या पडवळांसारखा तो ओळीच्या बाहेर लोंबत राहिला असता, तर ती नुसती चूक ठरली असती.

पण फोटो कोणाचा आणि कशासाठी? येथे थोडा इतिहास पाहिला पाहिजे. केशवसुत गेले १९०५ साली. केशवकुमारांचा 'झेंडूची फुले' हा संग्रह निघाला १९२५ साली. मधल्या वीस वर्षांत मराठी कवितेची परिस्थिती पालटली. मासिके वाढली, आणि त्यांतून कवींना नाव व मानमरातब मिळू लागला. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे आदी कवी त्यात होते. ते कविता सभेत गाऊन दाखवीत आणि लोक ऐकायला गर्दी करीत. कवितेच्या दृष्टीने हा सुकाळ होता, हे आम्ही मोकळेपणाने म्हणतो. पण सुकाळात धान्याबरोबर कोंडाही वाढतो. केशवसुतांनी जो 'आम्ही' उपाशीपोटी उच्चारला होता, तो आता भरल्या पोटी, आणि पुष्कळदा उसन्या कल्पनांच्या जोरावर, उच्चारला जाऊ लागला. ज्यांनी काही मिळवले नव्हते, त्यांनीही तो मुकुट डोक्यावर ठेवला. सत्तावीस वर्षांच्या मास्तराने हे पाहिले आणि मुकुटाचे माप घेऊन दाखवले. मूळ कवीचे हयातीत एकही पुस्तक नव्हते. विडंबनातला कवी मात्र तोऱ्याने विचारतो की आमचा संग्रह तुम्ही अजून वाचला नाही काय? या दोन 'आम्हीं'मधले अंतर ध्यानात घेतले म्हणजे विडंबनाचा रोख कोणाकडे आहे ते स्पष्ट होते.

आता यमक. मराठीत यमकाचा बडिवार जुना आहे. वामन पंडिताला तर लोक 'यमक्या वामन'च म्हणत. केशवसुतांच्या सुनीतात पहिल्या आठ ओळी दोनच यमकांवर चालतात: पहिली ओळ चौथीशी, पाचवीशी आणि आठवीशी जुळते, आणि मधल्या ओळी आपसांत जुळतात. पुढच्या चार ओळी एकाआड एक जुळतात. शेवटच्या दोन ओळी मात्र एकमेकींना लागून, जोडीने येतात. बारा ओळी यमक थोड्या थोड्या अंतराने भेटत होते. शेवटी ते लगोलग भेटते आणि दार धाडकन बंद झाल्यासारखे वाटते. या जोडीत केशवसुतांनी आपला सर्वांत मोठा दावा ठेवला आहे. आम्हाला बाजूला काढा, म्हणजे आकाशातल्या ताऱ्यांचे तेज जाईल आणि माणसाच्या जगण्याला कवडीचीही किंमत उरणार नाही!

आणि आता ती जागा पाहावी जिथे केशवकुमारांची करामत सर्वांत उघड होते. तेराव्या ओळीतली पहिली पंधरा अक्षरे त्यांनी जशीच्या तशी ठेवली आहेत. बदलली आहेत ती फक्त शेवटची चार. 'तारांगणे' या शब्दाच्या जागी 'साप्ताहिके' हा शब्द आला आहे. दोन्ही शब्द चार अक्षरांचे. दोन्हींचे वजन गुरू, गुरू, लघु, गुरू. दोन्ही नपुंसकलिंगी, अनेकवचनी आणि एकारान्त. व्याकरणाने पाहा, वृत्ताने पाहा, एका शब्दाच्या जागी दुसरा असा बसला आहे की मधे सुई शिरू नये. एका शब्दाने आकाश उतरवून वर्तमानपत्राच्या दुकानात आणून ठेवले! मग लगेच चौदाव्या ओळीत त्याचे यमक 'मासिके' येते. 'जिणे' हा मूळचा शब्द साऱ्या मनुष्यजातीचा होता. 'मासिके' हा संपादकांचा आणि वर्गणीदारांचा. यमक जुळते, पण विश्व आकसून टेबलाएवढे होते.

तिसरी गोष्ट पुनरुक्तीची. या अखेरच्या दोन्ही ओळी एकाच दोन शब्दांनी सुरू होतात, मूळ कवितेत आणि विडंबनातही. त्यांतला पहिला शब्द तीन गुरूंचा, म्हणजे पुरता मगण. दुसरा दोन लघु व एक गुरू असा, म्हणजे पुरता सगण. शब्दाची सीमा आणि गणाची सीमा येथे तंतोतंत एकत्र येतात. त्यामुळे ते दोन शब्द ओळीपासून सुटे होऊन घोषणेसारखे कानावर पडतात, आणि दुसऱ्यांदा आले की घोषणा पक्की होते. मूळ कवितेत ही पुनरुक्ती श्रद्धेची आहे. एकदा सांगून भागत नाही, म्हणून कवी पुन्हा सांगतो. विडंबनात तेच शब्द तितक्याच वेळा आले, पण आता ती पुनरुक्ती फुशारकीची ऐकू येते. जो माणूस 'आमच्यावाचून तुमचे अडेल' असे एकदा म्हणतो त्याचे आपण ऐकून घेतो. दोनदा म्हणतो तेव्हा त्याच्या पाठीमागे काय आहे ते पाहू लागतो. केशवसुतांच्या पाठीमागे तारे होते. येथे साप्ताहिकांची रद्दी आहे.

पुनरुक्तीची दुसरी जागा याहून सूक्ष्म आहे. मूळ कवितेत अकरावी आणि बारावी ओळ कवीच्या ओळखीने सुरू होतात, आणि दोन्हीकडे 'आम्ही'ला 'च' जोडलेला आहे. केशवकुमारांनी ही जोडी पाचव्या-सहाव्या ओळींत उचलली आहे. पण 'च' गाळला आहे. त्या ओळींत विडंबनातला कवी कबुली देतो की परक्या वाङ्मयातले माल चोरून आम्ही भाषांतरे करतो आणि त्याचा सुगावाही लागू देत नाही. चोरीची कबुली देताना 'आम्हीच' म्हणून छाती कोण ठोकणार? तो 'च' बुद्ध्या गाळला की वृत्ताच्या ओघात गेला, हे सांगायला आता कवी नाहीत. पण कानाला मात्र फरक कळतो. मूळ ओळीतला ताठपणा जाऊन आवाज किंचित खाली येतो.

आता एक आक्षेप आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. कोणी म्हणेल, थोर कवितेची अशी थट्टा करणे म्हणजे देवळातल्या मूर्तीला मिशा काढणे होय. एकदा विडंबन ऐकले की मूळ कविता पूर्वीच्या भावाने ऐकू येत नाही. त्या गंभीर ओळीपाशी ओठ आपोआप मुडपतात. हे नुकसान खरे आहे. आम्हालाही ते जाणवले आहे, आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु अत्र्यांची परंपरा पाहावी. ते गोविंदाग्रजांना, म्हणजे राम गणेश गडकऱ्यांना, गुरू मानत. आणि गडकरी स्वतःला केशवसुतांचे चेले म्हणवीत. म्हणजे ही थट्टा परक्याने केलेली नव्हे. घरातल्या नातवाने आजोबांची पगडी घालून, आजोबांच्या नावावर मिरवणाऱ्या पाहुण्यांची केलेली नक्कल आहे. पगडी त्याने डागाळली नाही. तिचा एक पीळही सुटू दिला नाही. मूळ वृत्त त्याने ज्या काटेकोरपणे सांभाळले, तो काटेकोरपणाच त्याच्या आदराची साक्ष आहे. ज्याला मोडतोड करायची असते, तो अक्षरे मोजीत बसत नाही.

याची उलट बाजूने परीक्षा घ्यायची असेल तर त्याच संग्रहातली 'प्रेमाचा गुलकंद' ही कविता घ्यावी. तिच्या पाठीमागे कोणती एक विशिष्ट कविता उभी नाही. तिचा रोख साऱ्या प्रेमकवितांवरच आहे. म्हणून तेथे शार्दूलविक्रीडिताचा भारी पोशाख नाही. आठ, आठ, आठ आणि शेवटी दोन मात्रा अशी हलकी, गोष्ट सांगायला सोयीची चाल आहे, आणि दोन-दोन ओळींचे यमक आहे. एक तरुण सात महिने प्रेयसीला गुलाबाची फुले देत राहतो; ती एकही पाकळी वाया घालवीत नाही आणि शेवटी बरणी आणून पुढे ठेवते. या कवितेत 'प्रेम' हा शब्द पत्रिका, देवता, तपश्चर्या, निराशा अशा शब्दांच्या डोक्यावर पुन्हा पुन्हा बसवलेला आहे. तो इतक्यांदा येतो की अखेर नाण्यासारखा झिजून गुळगुळीत होतो. आणि यमक? फुलांचा 'गेंद' आणि 'गुलकंद' ही जोडी पाहावी. फूल आणि त्याचा मुरांबा यमकाने एकमेकांशेजारी आणून बसवले आहेत. साऱ्या गोष्टीचा विनोद त्या दोन शब्दांत आहे. म्हणजे येथेही हसू नुसत्या कथेत नाही. आवाजाने दोन दूरच्या वस्तू एका ठिकाणी आणल्या, त्यात आहे.

पुढचा इतिहास मोठा मौजेचा आहे. ज्या रविकिरण मंडळाच्या काळावर ही थट्टा होती, त्याच मंडळातल्या माधव जूलियनांनी, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धनांनी, १९२७ साली 'छंदोरचना' हा ग्रंथ लिहून मराठी वृत्तांचे शास्त्र उभारले आणि १९३७ साली त्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती काढली. थट्टा करणारा आणि थट्टेच्या तडाख्यात सापडलेल्या पिढीचा पंडित, दोघेही एकाच गोष्टीची राखण करीत होते, आणि ती म्हणजे मराठी कान. १९३६ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष माधव जूलियन होते. १९४२ साली नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष अत्रे झाले. आणि साप्ताहिकांची टवाळी करणाऱ्या याच कवीने १९४० साली स्वतः 'नवयुग' हे साप्ताहिक काढले! त्यांच्या यमकाने त्यांचाच असा पाठलाग केला.

या सुमारास कवितेचा कान बदलू लागला होता. अनिलांनी मुक्तछंद रुजवला. त्यांची 'भग्नमूर्ती' १९४० ची. मर्ढेकरांच्या 'काही कविता' १९४७ साली आल्या. त्यांनी तर संतांच्या ओवी-अभंगाच्या साच्यात यंत्रयुगातले कळकट जग भरले. साचा ओळखीचा आणि आतला माल अनोळखी, ही विडंबनाचीच युक्ती आहे. फक्त मर्ढेकरांच्या हाती तिच्यातले हसू गेले आणि अंगावर शहारा आला. पुढे मुक्तछंदाचा प्रसार झाला. त्याविरुद्ध आमची तक्रार नाही. पण एक गोष्ट खरी की ज्या कवितेची चाल श्रोत्याच्या कानात आधीपासून नसते, तिचे विडंबन करणे फार कठीण होते. मोडायला काही हवे, तर आधी काही घट्ट असावे लागते.

काही वर्षांपूर्वी एका स्नेहसंमेलनात आम्ही हे विडंबन म्हणताना ऐकले. सभागृहात दोन पिढ्या होत्या. तरुण मंडळी दातांच्या उल्लेखावर हसली, 'फोटो'वर हसली, आणि थांबली. पिकल्या केसांची मंडळी मात्र तेराव्या ओळीच्या शेवटी, त्या चार अक्षरांवर हसली, कारण त्यांना तेथे तारे अपेक्षित होते. तरुणांना तारे ठाऊकच नव्हते. तेव्हा त्यांच्या लेखी 'साप्ताहिके' हा एक साधा शब्द होता. दोष त्यांचा नव्हे. ज्यांनी त्यांना मूळ कविता मोठ्याने म्हणायला लावली नाही, त्यांचा तो दोष आहे, आणि त्यात आम्हीही आलो. त्या संध्याकाळी आम्हाला प्रथमच वाटले की केशवसुत विसरले गेले तर केशवकुमारही उरणार नाहीत. नातवाच्या नकलेला आजोबा माहीत असलेले लोक लागतात.

आणि काळाने त्या अखेरच्या यमकावर आणखी एक थट्टा केली आहे. मराठीतली कितीतरी मासिके आणि साप्ताहिके त्यानंतर निस्तेज झाली, बंद पडली. 'सत्यकथा'सारखे मासिक १९८२ साली थांबले. कवींना वगळल्यामुळे हे झाले नाही. कारणे वेगळीच होती. पण विडंबनात जी अतिशयोक्ती म्हणून आली, तिच्यातला अर्धा भाग अशा रीतीने खरा ठरला, आणि आज ती ओळ म्हणताना हसण्यात थोडी हळहळ मिसळते. तारांगणे मात्र जागच्या जागी आहेत.

तेव्हा श्रोतेहो, आमची विनंती लहानशी आहे. घरी गेल्यावर प्रथम केशवसुतांची कविता मोठ्याने म्हणावी. बाराव्या अक्षरापाशी श्वास घ्यावा आणि पुढची सात अक्षरे सावकाश टाकावीत. घरातल्या मुलांना ती ऐकू द्यावी. त्यानंतर दोन-चार दिवसांनी केशवकुमारांची म्हणावी. मुले कुठे हसतात ते पाहावे. ती चौथ्या अक्षरावर हसली तर पुन्हा पहिलीपासून आरंभ करावा. ती तेराव्या ओळीच्या अखेरीस हसली, तर समजावे की शार्दूलविक्रीडित आणखी एका पिढीच्या कानी लागले. आणि हे काही साधले नाही, तर या लग्नसराईत एखाद्या मांडवात अक्षता हातात घेऊन उभे राहावे आणि डोळे मिटून मंगलाष्टके ऐकावी. फक्त त्या वेळी आमची भेंडी आणि कारली मनात येऊ देऊ नयेत, एवढी काळजी घ्यावी.